मदत हवी आहे: "कमी पडणाऱ्या सहकाऱ्याचं काय केलंत?" याला काय उत्तर देऊ?

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनचा ऑपरेटर आहे. पुढच्या आठवड्यात चाकणला लाईन सुपरवायझरच्या जागेसाठी मुलाखत आहे. वरचा प्रश्न तिथं हमखास विचारतात म्हणे.

माझ्याकडं खरा किस्सा आहे. आमच्या शिफ्टमधल्या एका पोराचे शाफ्ट (गोल दांडे) सारखे रिजेक्ट व्हायचे. सगळे त्याला आळशी म्हणायचे. मी शेजारी उभं राहून बघितलं, तर गडी मशीनमधनं काढलेला गरम जॉब, म्हणजे तो शाफ्ट, तसाच मायक्रोमीटरला (बारीक माप घ्यायच्या साधनाला) लावायचा आणि त्यावरनं ऑफसेट, म्हणजे मशीनला मापाची दुरुस्ती, द्यायचा. ५० मिमीचा स्टीलचा शाफ्ट ३० अंशांनी तापला, तर व्यास साधारण १७ मायक्रॉननं (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) फुगतो. गार झाला की माप खाली, जॉब भंगारात. त्याला जॉब गार करून मोजायला शिकवलं, रिजेक्शन आटोक्यात आलं.

आता अडचण अशी. हे सांगताना मी स्वतःचीच आरती ओवाळतोय असं वाटेल का? "आधी साहेबांना का नाही सांगितलंत?" असं उलट विचारलं तर? आणि शिकवूनही सुधारला नसता तर काय केलं असतं, हा प्रश्न आला की माझी बोलतीच बंद होते. थेट "वर कळवलं असतं" म्हणावं, की त्याआधीच्या पायऱ्याही सांगाव्यात?

परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम या क्रमानं बोला, असा सल्ला मिळालाय. पण तसं बोलायला लागलो की पाठांतर वाटतं. ज्यांनी समोर बसून मुलाखती घेतल्यात, त्यांनी जरूर सांगा.