म्युनिक ते वेरोना स्वस्तात: ब्रेनरला गाडी बदलण्याबद्दल मदत हवी आहे

मंडळी, सप्टेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन म्युनिक–इन्सब्रुक–बोल्झानो–वेरोना करायचंय. थेट युरोसिटीचं (देशादेशांमधली लांब पल्ल्याची गाडी) सवलतीचं तिकीट त्याच गाडीला बांधलेलं, मग इन्सब्रुकचं सोनेरी छत (१५०० सालचं, २,६५७ मुलामा दिलेले तांब्याचे पत्रे!) बघायचं कधी?

म्हणून तुकडे पाडलेत: बायर्न तिकिटावर (बव्हेरियातल्या साध्या गाड्यांचं दिवसभराचं तिकीट, सोम-शुक्र सकाळी ९ नंतरच चालतं) सीमेपलीकडचं ऑस्ट्रियातलं कुफस्टाइन, पुढे इन्सब्रुकला मुक्काम, मग लोकलने ब्रेनर (ऑस्ट्रिया-इटली सीमेवरचं स्टेशन), तिथून इटलीची साधी गाडी. तिचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्यायचं, नाहीतर दंड.

अडतंय इथे: तिकिटं वेगळी, त्यामुळे पहिली गाडी उशिरा आली तर पुढची कुणी थांबवणार नाही. ब्रेनरला बॅगा आणि ज्येष्ठांसह फलाट बदलायला किती मिनिटं धरावीत? आणि बोल्झानोच्या हॉटेलचा गेस्ट पास (पाहुण्यांना मिळणारा स्थानिक बस-गाड्यांचा पास) पोहोचण्याच्या दिवशीच ब्रेनरपासून वापरता येतो का?