स्पितीच्या थंडीत डी५६००ची बॅटरी कशी टिकवू? (बजेट १५००)

रानभूल
फेब्रुवारीत हिमबिबट्यासाठी स्पितीतल्या किब्बर गावी जातोय. कॅमेरा निकॉन डी५६००, लेन्स ७०-३००. सोबत आलेल्या ईएन-ईएल१४ए बॅटरीचं वय झालंय. सकाळी फुल दाखवते, दुपारी एकदम रिकामी. दुसरी लोकल आहे, तिच्यावर भरमसाट एमएएच (क्षमता) छापलंय, पण चालते ओरिजिनलच्या निम्मी. चार्जरचा दिवाही मधूनच भराभर लुकलुकतो. काय घेऊ? बजेट १५००, एक रुपया वर नाही.

शटरबाबा
मिररलेस कॅमेरा घ्या. विषय संपला.

मीनल_ठाणे
बाबा, १५०० म्हणालेत ते, दीड लाख नाही. आणि मिररलेस तर बॅटरी जास्तच खातो, डोळा लावायचा व्ह्यूफाइंडरही स्क्रीनच ना.
रानभूल, ब्लूटूथ मेनूत ‘सेंड व्हाइल ऑफ’ चालू आहे का बघा. असेल तर कॅमेरा बंद केल्यावरही फोनला फोटो पाठवत बसतो. तिकडे सरळ एअरप्लेन मोड लावा. लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढणं) नको, प्रत्येक फोटो काढून मागे बघणं नको.

तर्कटराव
कुठलीही बॅटरी आधी तीनदा पूर्ण उतरवायची आणि रात्रभर चार्ज करायची. आमच्या वेळचे सेल असेच वर्षानुवर्षं चालले.

वायरमन
काका, ते निकेल-कॅडमियमचे सेल. लिथियम-आयन पूर्ण उतरवली की उलट लवकर खराब होते. महिनोन्‌महिने ठेवायची तर अर्धी भरून, कॅमेऱ्यातून काढून.

तर्कटराव
बरं. अनुभवाला हल्ली किंमत नाही.

गारठा_नाशिक
थंडीत बॅटरी मरत नाही. आतली रासायनिक क्रिया मंदावते, व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा तिला रिकामी समजतो. काढून आतल्या कपड्यांच्या खिशात टाका, दुसरी लावा. पहिली ऊब लागली की पुन्हा चालते. जॅकेटचा बाहेरचा खिसा काही कामाचा नाही. रात्री दोन्ही बॅटऱ्या स्लीपिंग बॅगमध्ये.

आता तो दिवा. निकॉनच्या पुस्तिकेत चार्जिंग ५ ते ३५ अंशांत करा असं आहे, शून्याखाली गेलेली बॅटरी चार्जच होत नाही. म्हणून बाहेरून आल्या आल्या चार्जरला लावू नका. पण घरीसुद्धा लुकलुकत असेल तर बॅटरी काढून परत बसवा, पिवळे पत्रे कोरड्या फडक्याने पुसा. फक्त लोकललाच लुकलुकत असेल तर ती टाकायची वेळ झाली. आणि बॅटरी कप्प्यातून निघताना अडकायला लागली तर समजा फुगली. तसली चार्ज करायची नाही, ई-कचऱ्यात द्यायची.

कॅनॉनवाला
माझा ६डी लडाखमध्ये एका चार्जवर हजार फोटो देऊन आला. म्हणून म्हणतो, कॅनॉन.

मीनल_ठाणे
डी५६००लाही कंपनीचा आकडा ९७० आहे. घरच्या तापमानात.

डोंगरकावळा
कोणीच सांगितलं नाही म्हणून सांगतो: बॅटरी आतल्या खिशात ठेवा. विमानात सुट्या बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, केबिनमध्ये न्या, टोकांना चिकटपट्टी लावून. आणि ओरिजिनलच घ्या, मुंबईच्या बोरा बाजारात बिल मागून.

गारठा_नाशिक
ओरिजिनलला माझंही मत. एक घ्या पण खरी घ्या, पाचशे-हजार वर गेले तरी. अजून एक: शेकोटीच्या खोलीत गार कॅमेरा उघडा नेऊ नका, आतून दव धरतं. बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करा आणि खोलीत तासदोन तास तशीच राहू द्या. बॅटरी आणि कार्ड त्याआधी काढून घ्या, नाहीतर चार्जिंगला मुहूर्त सापडणार नाही.

शटरबाबा
मिररलेसला जड बॅग लागत नाही, हेही लक्षात घ्या.

रानभूल
सगळ्यांचे आभार. ‘सेंड व्हाइल ऑफ’ चालूच होतं! लुकलुकणारी लोकलच निघाली, ती बाद.
शेवटी १४५० मध्ये दोन नव्या लोकल आणि यूएसबीवर चालणारा डबल चार्जर मागवला. होमस्टेवाले म्हणाले वीज कधी येईल सांगता येत नाही, मग एकटी ओरिजिनल उतरली की मी काय करू? पॉवर बँक घरात आहेच. ओरिजिनल पुढच्या बोनसला.

डोंगरकावळा
मग विचारलंत कशाला?

तर्कटराव
तीनदा उतरवून घ्या मात्र.

सह्यवेडी
त्या चार्जरची लिंक मिळेल का? माझं बजेट ८००.