आठ वर्षं वाट पाहून हाती आलेला लँगडन

सातरस्ता_वाचक
डॅन ब्राउनचं 'ओरिजिन' आलं २०१७ ला. त्याच्या कादंबऱ्यांचा नायक, चिन्हांचा प्राध्यापक रॉबर्ट लँगडन, त्यानंतर थेट सप्टेंबर २०२५ मध्ये, 'द सीक्रेट ऑफ सीक्रेट्स'. एवढी वाट पाहिली आणि निम्म्यात आल्यावर पुस्तक बाजूला ठेवावंसं वाटलं, याचं फार वाईट वाटतंय.

सुरुवात झकास आहे. भल्या पहाटे प्रागच्या चार्ल्स पुलावर लँगडनला काटेरी मुकुटातली बाई दिसते, हुबेहूब त्याच्या सोबतच्या शास्त्रज्ञ कॅथरीनला पडलेल्या स्वप्नातली. तो हॉटेलकडे धावत सुटतो, फायर अलार्म वाजवतो आणि खिडकीतून व्लाटावा नदीच्या बर्फगार पाण्यात उडी टाकतो.

पुढे मात्र पाठलाग थांबवून वर्ग भरतो. जाणीव मेंदूत तयार होत नाही, मेंदू ती बाहेरून पकडतो, हा कॅथरीनचा सिद्धांत. विषय दमदार आहे, पण ती सांगते, तो ऐकतो, असंच चाललंय. 'दा विंची कोड' आठवा. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयाच्या फरशीवर १३-३-२-२१-१-१-८-५. आकडे नीट लावले की फिबोनाची, म्हणजे प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज! आपल्यालाही पेन घेऊन बसता यायचं. इथे चिन्हांच्या प्राध्यापकाला चिन्हांचं काम किती थोडं!

नवीपेठकर
नाही पटलं बे. तुला २००३ चंच पुस्तक पुन्हा हवंय. लेखकाने तीच कोडी परत घातली असती तर तूच म्हणाला असतास, जुनाच माल आहे. कपाळावर हिब्रू अक्षरं आणि तोंडाला माती फासलेला, दंतकथेतल्या मातीच्या राखणदारासारखा तो गोलेम बघ. तो दिसतो खलनायकासारखा, पण धडपडतोय कुणाला तरी वाचवायला. त्याची प्रकरणं मी एका बैठकीत संपवली.

निशिगंधा
मी न्यूरो वॉर्डात नर्स आहे. गाबा हे चेतापेशींना आवर घालणारं रसायन, हे खरं विज्ञान. ते कमी झालं की मेंदूची चाळणी उघडते आणि पलीकडचं दिसतं, ही झेप कॅथरीनची. पण दादा, माणूस जातो तेव्हा पुढे काय, हे नातेवाईक आम्हाला खरंच विचारतात. त्या प्रश्नासाठी कथा जरा थांबली तर मला चालतं. तुम्हाला कंटाळवाणी वाटलेली पानंच मी पुन्हा वाचली.

सातरस्ता_वाचक
ताई, प्रश्न मोठा आहे, मान्य. पण पुस्तकाच्या सुरुवातीलाच प्रयोग आणि निष्कर्ष खरे असल्याचं छापलंय. मग खरं कुठे संपलं आणि झेप कुठे सुरू झाली, हे माझ्यासारख्याला कसं कळायचं? तुम्हाला कळलं, कारण तुमचा तो रोजचा विषय.

गड्डा_यात्री
मला प्रागच खटकलं. शहराची माहिती भरपूर, पण बरीचशी पाहुण्याला गाव दाखवावं तशी. आपल्याकडे सोलापुरात संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज (खांद्यावर नेल्या जाणाऱ्या उंच काठ्या) ६८ लिंगांची प्रदक्षिणा करतात. समजा, त्या वाटेत कुणी संकेत दडवलाय आणि शेवटी संमती कट्ट्यावर लग्नाच्या अक्षता पडायच्या आत तो सोडवायचाय. मग प्रत्येक लिंग, प्रत्येक बोळ कथेला लागलाच असता. लूव्हरचं तसं झालं होतं. इथे निम्मी ठिकाणं काढली तरी काही अडत नाही.

नवीपेठकर
अण्णा, हे मात्र बरोबर बोललात. पण गोलेम प्रागबाहेर काढून दाखवा. ती दंतकथाच तिथली, व्लाटावाच्या मातीतून रब्बीने घडवलेल्या राखणदाराची.

सातरस्ता_वाचक
गोलेमचं तू म्हणतोस ते खरं, तो तिथलाच. राहिलेलं पुस्तक त्याच्यासाठी पुरं करतो. कोड्यांची तक्रार मात्र कायम.