मदत हवी आहे: नाना सगळं विसरायला लागलेत, टेन्शन की वय?

केळीबाग_रावेर: नाना सगळं विसरतात. कर्ज थकल्यापासून जास्तच. टेन्शनने होतं का असं? एमआरआय काढू का? लवकर सांगा.

धुळेकर: वय? कधीपासून? विसरतात म्हणजे नेमकं काय? गोळ्या कोणत्या? झोप?

केळीबाग_रावेर: ६८. वादळात बाग आडवी झाली, त्यानंतर. मोटार बंद करायची राहते, नावं अडतात. शुगरची गोळी आहे, झोपेचीही.

सातपुडा: झोपेची अल्प्राझोलाम असेल तर विसरभोळेपणा तिनेही येतो, तोलही जातो. पण मनाने बंद करू नका, झटके येऊ शकतात. डॉक्टर हळूहळू कमी करतील. शुगरची मेटफॉर्मिन असेल तर तिने बी१२ व्हिटॅमिन कमी होऊ शकतं, ते तपासा, सोबत टीएसएच म्हणजे थायरॉइडची तपासणी.

तापीकाठ: रोज चमचाभर ब्राह्मीघृत. डोकं लख्ख.

सातपुडा: भो, बी१२ कमी असताना नुसतं तूप देत बसलं तर नसांचं नुकसान कायमचं होऊ शकतं.

तापीकाठ: आयुर्वेदाला नावं ठेवायची सवयच आहे तुम्हाला.

भुसावळवाला: केळीचा विमा होता का? नुकसान ७२ तासांत कळवावं लागतं.

धुळेकर: विम्याला वेगळा धागा काढा.

टेन्शनने होतं, हो. कॉर्टिसॉल, म्हणजे टेन्शनमध्ये वाढणारं हार्मोन, महिनोन्‌महिने चढं राहिलं की मेंदूतल्या आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पसला मार बसतो. कॉर्टिसॉलला आवर घालण्यातही त्याचाच हात असतो, आणि वयाबरोबर तो आवर ढिला पडतो. म्हणून तोच घोर तरुणाला कमी बाधतो, म्हाताऱ्याला जास्त.

घरी बघा: पाच शब्द सांगा, दोनदा म्हणवून घ्या, पाच मिनिटांनी विचारा. अडले तर ‘एक फळ होतं’ अशी खूण द्या. खुणेवर आठवलं तर शब्द डोक्यात गेलाय, फक्त वर येत नाही. ताणात, उदासीत बहुतेक असंच होतं. खूण देऊनही ‘असं काही सांगितलंच नाही’ म्हणाले तर न्यूरॉलॉजिस्टकडे न्या. रात्रभर जागे असतील त्या दिवशी हे करू नका, निकाल फसवा येतो. जेवण तुटलंय का, ‘माझ्यामुळेच बुडालं’ म्हणतात का, तेही सांगा. मरणाची भाषा असेल तर थांबू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा.

आणि मधे कुठे पडले होते का?

केळीबाग_रावेर: जेवण अर्ध्यावर आलंय. वादळानंतर बांधावरून घसरले होते, टेंगूळ आलं. रक्त नव्हतं म्हणून लिहिलं नाही.

सातपुडा: मग बाकी सगळं नंतर. या वयात डोक्याच्या मारानंतर आत रक्त हळूहळू साचू शकतं, लक्षणं कित्येक आठवड्यांनीही दिसतात. आजच डॉक्टरांना दाखवा आणि डोक्याच्या सीटी स्कॅनचं विचारा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी तेच सांगा. डोकं दुखतं? पाय ओढतात? दिवसा झोपाळतात?

केळीबाग_रावेर: डोकं दुखतं म्हणतात. निघतो जळगावला.