शब्दचर्चा: रायफलच्या दस्त्यावरची ‘ॲक्सेसरी रेल’: रेल, रूळ, पट्टी की खोबण?

प्रश्न

.२२ टार्गेट रायफलच्या लाकडी दस्त्याखाली वेगळी मिळणारी ॲक्सेसरी रेल कशी बेतावी आणि कशी बसवावी, यावर मराठीत सूचना लिहीत आहे. वाचणारे दोन प्रकारचे आहेत. एक नेमबाज, ज्याला बायपॉड (पुढचा दोन पायांचा टेकू) किंवा स्लिंगचा हँडस्टॉप (पट्ट्याजवळ पुढच्या हाताला अडवणारा ठोकळा) लावायचा आहे. दुसरा सुतार किंवा फिटर, जो प्रत्यक्ष काम करणार आहे आणि ज्याने रायफल कदाचित पहिल्यांदाच हातात घेतली आहे. शब्दकोशात ‘स्टॉक’पुढे ‘साठा’ मिळतो, ‘रेल’पुढे ‘लोहमार्ग’. दोन्ही निरुपयोगी. ‘स्लॉट’, ‘ग्रूव्ह’, ‘चॅनल’, ‘इनलेट’ या चारही शब्दांना मी मसुद्यात ‘खाच’ लिहिले आहे आणि आता माझे मलाच वाक्य कळेनासे झाले आहे. ‘आफ्टरमार्केट’ आणि ‘फ्री-फ्लोट’ही अडले आहेत. कोणते शब्द वापरावेत?

उत्तर १

स्टॉकला ‘दस्ता’ म्हणा. बंदुकीचा दस्ता हा मराठीत रुळलेला प्रयोग आहे. फारसी ‘दस्त’ म्हणजे हात, त्यावरून हातात धरायचा भाग. ‘कुंदा’ही ऐकू येतो, पण तो बहुतेकांच्या मनात खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागापुरता असतो. तुमची रेल पुढे, नळीखाली बसणार आहे. त्या भागाला ‘दस्त्याचा पुढचा भाग’ किंवा सरळ ‘फोरएंड’ म्हणा.

रेलला मात्र ‘रूळ’ म्हणावे असे मला वाटते. मराठी शब्द आहे, सगळ्यांना माहीत आहे, आणि वस्तू त्यावर पुढेमागे सरकते हा अर्थही त्यात येतो.

उत्तर २

‘दस्ता’बद्दल पूर्ण सहमत. ‘रूळ’बद्दल नाही, आणि कारण जरा सविस्तर सांगतो, कारण प्रश्न विचारणाऱ्यांची खरी अडचण तिथेच आहे.

रुळावर चाक मोकळे फिरते. रेलचे काम याच्या उलट आहे: जोडवस्तू (बायपॉड, हँडस्टॉप वगैरे) हवी तिथे सरकवायची आणि मग एकजीव झाल्यासारखी पकडून ठेवायची. शिवाय ‘रूळ’ म्हणजे लाटण्यासारखा दंडगोलही होतो आणि रेघा मारायची पट्टीही. फिटरला ‘रूळ बसवा’ म्हटले तर त्याच्या डोळ्यांपुढे नक्की काय येईल, याची खात्री नाही. ‘रेल’ हा शब्द नेमबाजांच्या तोंडी आहेच, तो तसाच ठेवावा. नाम उसने घेतल्याने काही बिघडत नाही. बिघडते ते रेलच्या आकारातल्या पोकळ जागांना एकच नाव दिल्याने. त्या जागांसाठी मराठीत वेगवेगळे नेमके शब्द आहेत आणि ते सुताराला आपल्यापेक्षा चांगले कळतात.

आडवी कापलेली, दोन्ही बाजूंना उघडी, ती खाच. लांबीच्या दिशेने खोदलेली, जिच्यात दुसरी वस्तू बसते किंवा सरकते, ती खोबण. तळाशी गोलसर, वरून उघडी, ती पन्हळ. आणि दोन वस्तूंमध्ये मुद्दाम राखलेली किंवा चुकून राहिलेली मोकळी जागा, ती फट.

आता हे शब्द रेलच्या प्रकारांना लावून पाहा.

पिकाटिनी रेल घ्या. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये पिकाटिनी आर्सेनल आहे, त्यावरून हे नाव आले. १९९५ साली मिल-एसटीडी-१९१३ या लष्करी मानकात तिची मापे ठरली. ही दस्त्याबाहेर उठून दिसणारी पट्टी आहे, रुंदी साधारण २१.२ मिमी, आणि तिच्यावर आडव्या खाचा आहेत. प्रत्येक खाच ५.२३ मिमी रुंद, एका खाचेच्या मध्यापासून पुढच्या खाचेच्या मध्यापर्यंत १०.०१ मिमी. वीव्हर या अशाच जुन्या रेलच्या पद्धतीत खाच ४.५७ मिमीची आणि दोन खाचांतले अंतर ठरलेले नाही. म्हणून वीव्हरसाठी बनवलेली जोडवस्तू पिकाटिनीवर सहसा बसते, उलटे मात्र होईलच असे नाही. या खाचा नुसत्या मापखुणा नाहीत. जोडवस्तूचा आडवा बोल्ट त्यांच्यात उतरतो आणि गोळी सुटताना बसणारा धक्का खाचेची भिंत घेते. कडांवरची पकड वस्तूला खाली धरून ठेवते, खाच तिला पुढेमागे जाऊ देत नाही. म्हणून त्यांना धक्का-खाच म्हणावे असे मी सुचवीन. शब्द ऐकताच तिचे काम कळते.

टार्गेट रायफलखाली जी असते ती बहुधा वेगळीच. ॲन्शुट्झ रेल (रायफल बनवणाऱ्या कंपनीच्या नावावरून) किंवा यूआयटी रेल म्हणतात ती. (यूआयटी हे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे १९९८ पूर्वीचे नाव.) ती दस्त्याबाहेर येत नाही, दस्त्याच्या पोटात बसते. तोंड अरुंद, आतून रुंद, ‘टी’सारखा छेद. नट आत सरकतो आणि हँडस्टॉप बाहेरून आवळला की नट खोबणीच्या ओठांना आतून धरतो. इथे ‘रूळ’ किंवा ‘पट्टी’ म्हणणे साफ चुकीचे आहे, कारण वापरणाऱ्याच्या दृष्टीने ही वस्तू म्हणजे एक खोबण आहे. धातूची पट्टी फक्त त्या खोबणीच्या भिंती पुरवते.

छायाचित्रकारांच्या ट्रायपॉडवरून आलेली आर्का रेल म्हणजे डव्हटेल, सुमारे ३८ मिमी रुंद, दोन्ही बाजू तिरप्या. तिच्यावर धक्का-खाचा नसल्या तरी चालते, पकड सगळी तिरप्या बाजूंवर असते. निरनिराळ्या उत्पादकांच्या मापांत थोडा फरक असतो, म्हणून बायपॉडची पकड त्याच रेलवर लावून पाहिल्याशिवाय ‘बसते’ असे लिहू नका. एम-लॉक या जोडणीच्या पद्धतीत तर रेलच नाही. तिथे लांबट भोके असतात, आणि त्यांतून आत घातलेला नट ९० अंश फिरून मागून अडकतो.

म्हणजे ‘ॲक्सेसरी रेल’ हे एका आकाराचे नाव नाही, कामाचे नाव आहे. मथळ्यात ‘जोडवस्तूंसाठीची रेल’ लिहा. आत मात्र पिकाटिनीसाठी ‘खाचांची रेल’ आणि ॲन्शुट्झसाठी ‘खोबणीची रेल’ असा भेद पहिल्याच परिच्छेदात करून टाका.

प्रश्नकर्ता

खोबणीची रेल बसवण्यासाठी लाकडात आधी जी जागा कोरावी लागते, तिलाही खोबणच म्हणायचे का? एक लाकडातली, एक धातूतली, पुन्हा घोटाळा.

उत्तर २

लाकडातल्या जागेला ‘घर’ म्हणा. सुतारकामात बिजागरीचे घर, कुलपाचे घर म्हणतातच. बिजागरी जिथे लाकडात समतल बसते ते तिचे घर. त्यामुळे ‘रेलचे घर’ हे सुताराला एका शब्दात समजेल. ‘पटाशीने रेलचे घर कोरा, रेल घरात चपखल बसली की तिच्या खोबणीतून नट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न अडखळता सरकला पाहिजे.’ या वाक्यात आता घोटाळा उरत नाही.

‘चपखल’ हा शब्दही सोडू नका. ‘घट्ट’ वेगळे. घरात रेल ठोकून घट्ट बसवली की लाकडाच्या कडांवर ताण राहतो, आणि ओलाव्याने लाकूड फुगले की रेलच्या कडेने चीर जाऊ शकते. चपखल म्हणजे फट दिसू नये, पण हाताने दाबून रेल आत जावी आणि ओढून बाहेर यावी.

उत्तर ३

फिटरकाम करतो, म्हणून क्रियापदांबद्दल बोलतो. सूचनांमध्ये सगळीकडे ‘जोडा’ किंवा ‘लावा’ असते, आणि त्यातून काही कळत नाही. दस्त्यावर रेल आधी बसते, मग आवळली जाते. ‘बसणे’ म्हणजे तळ पूर्ण टेकणे. फोरएंड खालून बहुतेक वेळा थोडा गोलसर असतो आणि रेलचा तळ सपाट. सपाट रेल गोलसर लाकडावर ठेवली तर ती एका रेषेवर टेकते. तशीच आवळली तर स्क्रूच्या ताणाने रेल वाकते, किंवा फोरएंड पिळतो. म्हणून एकतर लाकूड रंध्याने, काचकागदाने सपाट करायचे किंवा मधल्या फटीत इपॉक्सी भरून तळ तयार करायचा. रेल आवळून इपॉक्सी वाळवू नका. ती आपल्या वजनाने, हलकीशी टेकवून वाळू द्या, नाहीतर वाकलेला आकारच कायम होतो.

ॲल्युमिनियमची रेल आणि लाकडी दस्ता असेल तर आणखी एक गोष्ट शब्दांत आली पाहिजे. ३०० मिमी लांबीची ॲल्युमिनियमची रेल तापमान ३० अंश सेल्सिअसने वाढले की साधारण ०.२ मिमी लांब होते. लाकूड लांबीच्या दिशेने त्या मानाने फारच थोडे हलते, रुंदीत मात्र ओलाव्याने फुगते. म्हणून रेलमध्ये एकच भोक गोल ठेवतात, बाकीची लांबट. इंग्रजी आराखड्यावर त्यांनाही ‘स्लॉट’च लिहिलेले असते. त्याला ‘खाच’ म्हटलेत तर वाचणारा वरच्या धक्का-खाचेत स्क्रू घालायला जाईल. ‘लांबट भोक’ लिहा.

स्क्रूचे ‘आटे’ म्हणा, ‘धागे’ नको. लाकडात थेट लाकडाचा स्क्रू आवळला आणि रेल वारंवार काढली-घातली तर आटे लवकर मरतात. पितळी इन्सर्ट (आतून आटे असलेले नळकांडे) लाकडात इपॉक्सीने बसवून त्यात एम४ किंवा एम५ मशीन स्क्रू घालणे टिकाऊ. पोकळ प्लॅस्टिकच्या दस्त्यात इन्सर्टला पकड मिळत नाही. तिथे आतून धातूची आधारपट्टी देऊन नट घ्यावा लागतो. त्याला ‘बॅकिंग प्लेट’ न म्हणता ‘आधारपट्टी’ म्हटले की ती का लागते तेही कळते. आणि एक इशारा स्वतंत्र ओळीत द्या: थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) फक्त धातूच्या आट्यांवर, प्लॅस्टिकवर सांडू देऊ नये. काही प्लॅस्टिकना त्याने तडे जातात.

उत्तर १

आट्यांबद्दल वाचताना ‘पन्हळ’ आठवली. वर व्याख्या दिली, पण ती कुठे लागते ते राहून गेले.

उत्तर २

पन्हळ म्हणजे फोरएंडच्या वरच्या अंगाला नळीसाठी कोरलेली गोलसर जागा. रेल खाली, पन्हळ वर, मध्ये थोडेसेच लाकूड. रेलचा स्क्रू लांब झाला तर त्याचे टोक पन्हळीत वर येते आणि नळीला टेकते. आणि इथेच ‘फ्री-फ्लोट’ येते.

काही ठिकाणी त्याला ‘तरंगती नळी’ लिहिलेले दिसते. मला ते मान्य नाही. नळी तरंगत नसते. ती मागे ॲक्शनमध्ये (बोल्ट ज्यात बसतो त्या धातूच्या भागात) पक्की बसवलेली असते, फक्त पुढे दस्त्याला कुठेही टेकत नाही. मराठीत ‘मोकळी नळी’ हे बरोबर आणि सरळ आहे: ‘नळी मोकळी ठेवा’. तपासायची रीतही लगेच सांगता येते: नळी आणि पन्हळ यांच्यामधल्या फटीतून कागदाची पट्टी ॲक्शनपर्यंत अडथळ्याविना सरकली पाहिजे. रेल बसवण्याआधी एकदा, आवळल्यावर एकदा, आणि बायपॉडवर भार देऊन पुन्हा एकदा. शेवटची तपासणी सगळ्यांत महत्त्वाची. मऊ प्लॅस्टिकचा फोरएंड भार आला की वर वाकतो आणि मोकळी वाटणारी नळी नेमकी नेम धरताना टेकते. रेल हे काम थोडे सुधारूही शकते, कारण लांब धातूची पट्टी फोरएंडला ताठपणा देते. पण ती दस्त्यावर नीट बसलेली असेल तरच.

‘आफ्टरमार्केट’साठी एक शब्द शोधू नका. बोलताना लोक ‘कंपनीची’ आणि ‘बाहेरची’ म्हणतात. लिहिताना ‘रायफलसोबत न आलेली, वेगळी घेतलेली रेल’ असे एकदा स्पष्ट लिहून पुढे ‘वेगळी रेल’ चालेल. याचा अर्थ वाचकाने असा घ्यायला हवा की ही रेल त्याच्याच दस्त्याच्या मापाची आहे, हे कुणी ठरवून दिलेले नाही. म्हणून ‘डिझाइन’साठी मी ‘बेतणे’ वापरीन: दस्त्याचे माप घेऊन रेल बेतणे. ‘आराखडा’ हा कागद. ‘बेतणे’ ही कृती.

प्रश्नकर्ता

तुमच्या शब्दांनी पहिला परिच्छेद पुन्हा लिहिला आहे:

‘रायफल रिकामी असल्याची खात्री करा, रायफलचा बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग) काढून बाजूला ठेवा. ॲक्शन दस्त्यातून सोडवण्यापूर्वी पाणसळीने ती समतल करा आणि फोरएंडखाली मध्यरेषा आखा. ॲक्शन सोडवल्यावर त्या रेषेवर रेलचे घर कोरा. रेल घरात चपखल बसली की भोकांच्या खुणा करा. स्क्रूची लांबी अशी निवडा की टोक पन्हळीत वर येणार नाही. एक स्क्रू गोल भोकातून, बाकीचे लांबट भोकांच्या मध्यावर घ्या. ॲक्शन परत बसवून नळी मोकळी आहे का, ते कागदाच्या पट्टीने पाहा.’

उत्तर ३

हे मी कामाला लावू शकतो. दोन दुरुस्त्या. पाणसळ कुठे ठेवायची ते लिहा: ॲक्शनच्या वरच्या सपाट भागावर किंवा दुर्बिणीच्या बैठकीवर. दस्त्यावर नको, कारण दस्त्याच्या कडा बहुतेक वेळा तिरप्या असतात आणि मध्यरेषा तिरपी आली की बायपॉडवर रायफल कललेली राहते. दुसरे, ‘आवळा’ हे क्रियापद शेवटी आलेच नाही. ‘सगळे स्क्रू आधी हलके लावा, रेल मध्यरेषेवर असल्याचे पाहा, मग मधल्यापासून बाहेरच्या बाजूला आळीपाळीने, रेलसोबत दिलेल्या न्यूटन-मीटरच्या आकड्याइतके आवळा.’ हे वाक्य कागदाच्या पट्टीच्या आधी घाला.

उत्तर २

स्पर्धेत ही रायफल वापरणाऱ्यांसाठी एक ओळ वाढवा. स्पर्धेतल्या रायफलची वजनमर्यादा जोडवस्तूंसकट मोजतात, आणि आंतरराष्ट्रीय महासंघाच्या रायफल प्रकारांत बायपॉड चालत नाही. म्हणून ‘रेल’ आणि ‘तिला लावलेली जोडवस्तू’ हे दोन शब्द तुमच्या सूचनांमध्ये कुठेही एकमेकांच्या जागी येऊ देऊ नका. जोडवस्तू काढून ठेवता येते. घरात बसलेली रेल रायफलसोबतच काट्यावर चढते.