दूध-तूप सोडलं तर इंदुरात खायचं काय? आणि नैवेद्याला ठेवायचं काय?

मालव्याची सून (धागाकर्ती)

दिवाळीपासून आमच्या घरात मी एकटी दूध, दही, तूप, ताक, लोणी, मध यातलं काहीच घेत नाही, म्हणजे व्हीगन झालेय (प्राण्यांपासून मिळणारं काहीच खायचं नाही). मांसाहार आमच्याकडे आधीपासूनच नव्हता, त्यामुळे सासूबाईंचा पहिला प्रश्न होता, "आता अजून काय सोडायचं राहिलंय?"

कारण थोडक्यात सांगते. म्हैस व्यायल्याशिवाय दूध नाही. पारडी झाली तर ठेवतात, रेडकू झालं तर ट्रॅक्टरच्या जमान्यात त्याला काम नाही. मध्य प्रदेशात गोवंशहत्येला कायद्याने बंदी आहे, म्हशीला ती लागू नाही, आणि म्हशीचं मांस निर्यात करण्यात आपला देश जगात वरच्या नंबरात आहे. हे सगळं कळल्यावर मला चहा गोड लागेना. कुणाला लागत असेल तर माझं भांडण नाही.

आता मुद्दा. "इंदुरात राहून हे जमणार नाही" असं जो तो म्हणतो. मला ते पटत नाही. पोहे तेलातले, वर शेव, जिरावण मसाला, लिंबू. थंडीतले गराडू (हा एक कंद) तेलात तळलेले. खोपरा पॅटिस, कचोरी, मुंगोडे, सगळं चालतं. सुटतात ते भुट्ट्याचा कीस (तो दुधात शिजतो), शिकंजी (बाहेरगावच्यांसाठी: आमची शिकंजी लिंबाची नसते, दुधाची असते), मावाबाटी, रबडी आणि दाल-बाफले (ते कणकेचे गोळे तुपात बुडवलेले असतात). घरचं म्हणाल तर पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, भरली वांगी, कारळ्याची चटणी यांत दूध होतंच कधी? वरणभातावरची तुपाची धार थांबवली की काम झालं.

अडचण पोटाची नाही. ती आहे नैवेद्याची आणि दुसऱ्यांच्या घरी गेल्यावरची. यावर बोला.

दोन म्हशीवाला

ताई, मी देपालपूरकडचा. तुमचं वाचलं, राग आला, चहा घेतला (दुधाचा), आता लिहितो.

सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदा येतो. पिवळा मोझॅक रोग पडला की तोही येत नाही. दुधाचा पैसा आठ-दहा दिवसांनी हातात पडतो आणि तो बायकोच्या हातात पडतो. पोरांची फी, किराणा, दवाखाना त्यावर चालतं. देशात १९५०-५१ साली वर्षाला १.७ कोटी टन दूध व्हायचं, २०२२-२३ मध्ये ते २३ कोटी टनांच्या पुढे गेलं. ते कुठल्या एका मोठ्या कारखान्यात झालेलं नाही, दोन-चार जनावरं बाळगणाऱ्या घरांनी केलंय. तुम्ही शहरातल्या लोकांनी उद्या दूध बंद केलं तर मी म्हशीला काय सांगू?

आणि शेणाचं काय? युरियावर पिकवलेलं खाल आणि वर आम्हाला दया शिकवाल.

मालव्याची सून

दादा, उद्या कुणी बंद करणार नाहीये. इंदुरात माझ्यासारखे हाताच्या बोटांवर असतील, तुमच्या म्हशीला आमच्याकडून धोका नाही. पण रेडकाचं काय करता, हे तुम्ही लिहिलं नाहीत.

दोन म्हशीवाला

विकतो. घेणारा पुढे काय करतो ते विचारत नाही. झालं समाधान?

मालव्याची सून

समाधान कसलं. पण सरळ उत्तर दिलंत, मान आहे. बहुतेक जण इथे विषय बदलतात.

थाळी आणि तपासणी (आहारतज्ज्ञ)

भावना बाजूला ठेवून दोन गोष्टी. बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. "मी मोड आलेली कडधान्यं खाते", "आमच्याकडे इडलीचं पीठ आंबवतात", "स्पिरुलिना घेतो" हे सगळं ऐकून माझे कान किटलेत. गोळी घ्यायचीच, किंवा वरून बी-१२ घातलेले पदार्थ रोज खायचे. प्रौढाची गरज आपल्याकडच्या शिफारशीनुसार दिवसाला साधारण २.२ मायक्रोग्रॅम, म्हणजे चिमूटभरही नाही, पण ती नसली तर हातापायाला मुंग्या, विसराळूपणा, थकवा, आणि फार उशीर झाला तर नसांचं नुकसान भरून येत नाही. फसवणारी गोष्ट अशी की शरीरात साठा असतो, त्यामुळे सुरुवातीला काहीच होत नाही आणि माणूस इतरांना व्याख्यानं देत सुटतो.

दूध पिणाऱ्यांनी हसू नये. शुद्ध शाकाहारी मराठी घरांतले रिपोर्ट मी रोज बघते. दोन कप चहातलं दूध म्हणजे बी-१२ची सोय नव्हे.

कॅल्शियमचं भांडण मात्र उगाच होतं. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, दुधात सव्वाशेच्या आत. नाचणीतलं सगळं अंगी लागत नाही हे खरं, पण भाकरी, तीळ, राजगिरा, पालेभाजी मिळून भागतं. ड जीवनसत्त्वाची गोळी घेणार असाल तर लेबल वाचा, डी-३ बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून काढतात. गरोदर बाई आणि लहान मुलं यांच्याबाबतीत धाग्यावरचे सल्ले ऐकू नका, माझेही नाही. डॉक्टरकडे जा.

टिळकनगरचे काका

सगळं ऐकून घेतलं. पंचामृतात दूध, दही, तूप, मध, साखर. पाचातले चार तुम्ही काढलेत, उरली साखर. देवाला चमचाभर साखर देऊन "पंचामृत" म्हणणार का? सत्यनारायणाच्या शिऱ्याला सव्वाच्या मापाने तूप लागतं. आमची आई होळकरांच्या काळात या शहरात आली, रेशनच्या दिवसांतही तिने नैवेद्याच्या वाटीतलं तूप चुकवलं नाही. घरात एकाने पथ्य पाळावं, जरूर पाळावं. पण सणाचं ताट एकाच्या पथ्याने ठरू नये, इतकंच म्हणणं.

रामबागेतली वहिनी

काका, गीतेत देवानेच यादी दिलीये: पत्रं पुष्पं फलं तोयम्. त्यात दूध कुठेय? उकडीच्या मोदकात खोबरं नि गूळ. कोकणात पुरणपोळी नारळाच्या दुधाबरोबर खातात, आमच्या आजोळी तर तशीच असायची आणि तूप मागितलं तर मामी रागवायच्या.

टिळकनगरचे काका

यादी देणाऱ्याने लहानपणी शिंक्यावरचं लोणी पळवलं होतं, तेही लक्षात असू द्या.

रामबागेतली वहिनी

😀 हा मुद्दा मान्य.

रात्री सराफा

भिया, थेअरी सोडा, प्रॅक्टिकलचं सांगतो. माझा एक मित्र व्हीगन झाला. त्याला घेऊन रात्री सराफ्यात गेलो (सराफ बाजारच, पण रात्री तिथे खाण्याचे ठेले लागतात). जलेबीवाल्याला विचारलं, "भैया, ये घी में है क्या?" तो छाती फुगवून म्हणाला, "एकदम असली घी, डालडा निकला तो पैसे वापस." मित्राने हात जोडले. पुढच्या ठेल्यावर परत तेच. तूप आहे का हा प्रश्न या शहरात फक्त एकाच अर्थाने विचारला जातो: भेसळ तर नाही ना! शेवटी एक जण खालच्या आवाजात म्हणाला, "साहब, आपको सच बताऊँ तो तेल है." त्याला वाटलं आम्ही पकडलं. मित्राने आनंदाने पाव किलो घेतली, आणि मग मी नको तिथे तोंड घातलं: "जलेबीच्या पिठात दही असतं बरं का काही ठिकाणी." तेव्हापासून तो माझ्याबरोबर येत नाही.

उलट फिरलेला

मी दीड-दोन वर्षं केलं आणि परत दुधावर आलो, लाज वगैरे काही नाही. रतलाम-नीमच लाइनवर फिरतीची नोकरी. हॉटेलात दालमध्ये तूप, भाजीत मलई, रोटीला लोणी. "मत डालना" सांगितलं की वेटर "थोडासा ही डाला है" म्हणतो. रोज रोज साधे पोहे आणि केळी खाऊन माणूस किती दिवस काढणार? ज्याचं जेवण स्वतःच्या स्वयंपाकघरात होतं त्याला हे झेपतं. धागाकर्तीने "पोटाची अडचण नाही" लिहिलंय, ते घरात राहणाऱ्याचं म्हणणं आहे.

शिवाय बदामाचं दूध! पॅकेटचा भाव बघितलात? बदाम येतात बहुतेक कॅलिफोर्नियातून, तिथे पाण्याची बोंब. हे पर्यावरण कुठलं?

मालव्याची सून

फिरतीचा मुद्दा बरोबर आहे, त्याला माझ्याकडे डबा सोडून उत्तर नाही. बदामाचा मुद्दा मात्र इंदूरकराने काढू नये. सोयाबीनवर संशोधन करणारी देशाची संस्था १९८७ पासून आपल्याच गावात आहे, मालव्यात चहूकडे तेच पीक, आणि आपण बदाम कशाला भिजवायचे?

सोयाचं दूध घरी करताना लोक एकाच ठिकाणी फसतात, वास. दाणे रात्रभर भिजवा, चोळून सालं काढा, मग उकळत्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून त्यात दाणे पाच मिनिटं टाका. वास येतो तो दाण्यातल्या एका विकरामुळे (एन्झाइममुळे), आणि ते गार पाण्यात वाटलं की कामाला लागतं. म्हणून वाटतानाही पाणी गरमच. वाटीभर दाण्याला सहा-सात वाट्या पाणी. गाळून पंधरा-वीस मिनिटं उकळा, सतत ढवळत, कारण हे दुधापेक्षा लवकर उतू जातं आणि ओटा पुसायला सासूबाई येत नाहीत. चोथा थालीपिठात. चहात घालायचं तर आधी कोमट करा, गॅस बंद करून वरून घाला. उकळत्या चहात गार ओतलं की फुटतं.

दोन म्हशीवाला

म्हणजे शेवटी सोयाबीन आमचंच. पण ताई, तेल काढल्यावर उरणारी पेंड जाते कुठे? कोंबड्यांना आणि जनावरांना. आज सोयाबीनला जो काही भाव आहे तो तुमच्या दुधाच्या भांड्यामुळे नाही, पेंडीमुळे आहे. सगळे व्हीगन झाले तर म्हशीबरोबर सोयाबीनही झोपेल.

थाळी आणि तपासणी

दाण्यात ४० टक्के प्रथिनं. ती आधी कोंबडीला घालून मग माणसाने खायची की सरळ माणसाने, हा हिशेब शेतकऱ्याच्या विरोधात जाईलच असं नाही. अर्थात तसा बाजार आज नाही, तुमचं म्हणणं आजच्यापुरतं खरं आहे.

नवी भरती

मला सोडायचंय पण एकदम की हळूहळू? आणि बिस्किटावर हिरवा ठिपका असतो ते चालतं का?

मालव्याची सून

हिरवा ठिपका शाकाहाराचा, त्यात दूध चालतं. मागचं बारीक अक्षर वाच: दुधाची पावडर, व्हे, केसीन, हे सगळं दुधाचंच. व्हीगन पदार्थांसाठी वेगळे सरकारी नियम २०२२ मध्ये आले, त्यांचं चिन्ह वेगळं आहे, पण आपल्या कोपऱ्यावरच्या किराण्यात अजून क्वचितच दिसतं. एकदम सोड. रोज "आज थोडंसं चालेल" यावर स्वतःशी वाद घालण्यात जास्त शक्ती जाते.

उलट फिरलेला

अजिबात ऐकू नकोस. आधी तूप सोड, मग दही, चहा सगळ्यात शेवटी. चहा पहिल्यांदा सोडलेले सगळे आठवड्यात परत आलेले पाहिलेत.

थाळी आणि तपासणी

कसंही सोड, आधी बी-१२ तपासून घे. नंतर कमी आलं तर दूध पीत होतीस तेव्हाच कमी होतं की नंतर झालं, ते कळायला हवं.

टिळकनगरचे काका

सगळं झालं, कढीचं कुणी बोललं नाही. खिचडी आहे, पापड आहे, लोणचं आहे, कढी नाही? त्या घरी मी जेवायला येणार नाही.

मालव्याची सून

काका, शेंगदाणे भिजवून वाटायचे, गाळायचे, उकळून कोमट करायचं, त्यात हिरव्या मिरचीचे देठ सोडून रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी दही. आंबट कमी झालं तर वरून लिंबू. बेसन, आलं, कढीपत्ता नेहमीसारखं. रविवारी या, पण जेवण होईपर्यंत सांगणार नाही कशाचं आहे.

टिळकनगरचे काका

आता तर सांगून टाकलंस. येतो, आणि वाटीभर तूप बरोबर आणतो. माझ्यापुरतं.

रात्री सराफा

काका, मलाही न्या. कढी फुटली तर इथे फोटो टाकायला कुणीतरी हवं.