नाशिकला डीएनबी ऑर्थो की मुंबईच्या एमएससाठी आणखी एक वर्ष?
वर दादांनी भाच्याबद्दल विचारलंय: नाशिकच्या खासगी रुग्णालयात ऑर्थोच्या (हाडांच्या शस्त्रक्रियेच्या) डीएनबी या पदव्युत्तर पदवीची जागा मिळतेय, घ्यावी की मुंबईच्या एमएससाठी पुन्हा नीट-पीजी (पदव्युत्तर प्रवेश परीक्षा) द्यावी? मी म्हणेन, घ्या. एमबीबीएसनंतर दोन्हींना ३ वर्षंच लागतात, प्रबंध दोन्हींत आहेच. फरक इतकाच की एमएस विद्यापीठाची (आपलं आरोग्य विद्यापीठ तर इथेच म्हसरूळला) आणि डीएनबी राष्ट्रीय परीक्षा मंडळाची.

आधी एक करा. तिथल्या सेकंड इयरच्या पोराला कॅन्टीनला गाठा आणि विचारा, "प्लेट स्वतः किती लावल्यास? की नुसता रिट्रॅक्टर धरतोस?" (प्लेट म्हणजे मोडलेलं हाड जोडायची पट्टी, रिट्रॅक्टर म्हणजे जखम उघडी धरायचं हत्यार.) त्याच्या लॉगबुकात (शस्त्रक्रियांच्या नोंदवहीत) 'असिस्टेड'चीच, म्हणजे नुसती मदत केल्याचीच, रांग असेल तर फेरविचार करा. मुंबई-आग्रा हायवे जवळ, त्यामुळे ट्रॉमाला (अपघाताच्या केसेसना) तोटा नाही. पण केस येणं वेगळं आणि हातात येणं वेगळं.

शिवाय एओ ट्रॉमा या मोडलेली हाडं जोडायला शिकवणाऱ्या संस्थेचा बेसिक कोर्स रेसिडेन्सीतच (या तीन वर्षांतच) उरकायला सांगा. फी खिशाला लागते, मान्य. मी तिथे प्लॅस्टिकच्या हाडावर ड्रिल मारलं तेव्हा पलीकडचा कॉर्टेक्स (हाडाचं कडक बाहेरचं कवच) फुटताच बिट भसकन दोन सेंटिमीटर बाहेर गेलं. सर शांतपणे म्हणाले, "इथे धमनी होती." तेव्हापासून डाव्या हाताचं बोट ड्रिलला टेकवल्याशिवाय मी सुरूच करत नाही.

स्पाइन, सांधेरोपण वगैरे फेलोशिपचं नंतर बघता येईल. क्लबफूटच्या (जन्मतः आत वळलेल्या पावलाच्या) पोन्सेटी पद्धतीच्या प्लास्टरला मात्र आत्ताच हात बसवायला सांगा, ते ओपीडीतच शिकता येतं.